सुरुवातीचे वाईट सेल कोण विकत घेणार?

लिथियम-आयन बॅटरीच्या जन्मपत्रिकेत चीनचं नाव कुठेच नाही. 1970च्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी तिचा पाया घातला. 1980 साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड शोधला. 1985च्या सुमारास जपानच्या असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी न भडकता चालेल असा नमुना उभा केला आणि 1991 मध्ये सोनीने ती बॅटरी बाजारात आणली. या तिघांना 2019चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज मात्र जगातल्या दर चार लिथियम-आयन सेलपैकी किमान तीन चीनमध्ये तयार होतात. सेलच्या पोटात जाणाऱ्या मालाचं चित्र आणखी एकतर्फी आहे: जगाच्या कॅथोड बनवण्याच्या क्षमतेपैकी 70 टक्क्यांहून अधिक आणि ॲनोडच्या क्षमतेपैकी 85 टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या चीनचा. ज्यांनी शोध लावला त्यांच्या हातून हा धंदा निसटला कसा?

या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याकडे तोंडपाठ आहेत. पहिलं, चीनकडे खनिजं आहेत. दुसरं, चीनचं सरकार पैसा ओततं. पहिलं उत्तर फार काळ टिकत नाही. ग्राफाइट चीनकडे मुबलक आहे हे खरं. पण कोबाल्ट निघतो काँगोत, निकेल इंडोनेशियात, लिथियम मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि चिलीत. चिनी कंपन्या तिथे गेल्या त्या खरेदीदार म्हणून. काँगोतली तेंके फुंगुरुमे ही खाण चायना मॉलिब्डेनमने अमेरिकी कंपनीकडून 2016 साली 2.65 अब्ज डॉलरला घेतली, चिलीच्या एसक्यूएम या लिथियम कंपनीतला सुमारे चोवीस टक्के हिस्सा तियानछीने 2018 मध्ये घेतला. तोवर चीनमध्ये सेलचे कारखाने धडाक्याने चालू झाले होते आणि त्यांची भूक दिसू लागली होती. खाणीमागून कारखाने आले नाहीत, कारखान्यांमागून खाणी आल्या. जमिनीखाली लिथियम सापडलं म्हणून बॅटरी उद्योग उभा राहत असता, तर चिली कधीच महासत्ता झाला असता. आपल्याकडे फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात 59 लाख टन लिथियमच्या साठ्याचा अंदाज जाहीर झाला तेव्हा वाहिन्यांवर जणू लॉटरी लागल्याचा जल्लोष होता. पुढे त्या खाणपट्ट्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत, ही बातमी आतल्या पानावर गेली.

पैशाचं उत्तर जास्त वजनदार आहे. वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या अभ्याससंस्थेच्या अंदाजानुसार 2009 ते 2023 या काळात चीनने इलेक्ट्रिक वाहनांच्या क्षेत्राला सुमारे 230 अब्ज डॉलरचा आधार दिला. एवढ्या पैशात काय होणार नाही, असं कुणालाही वाटेल. पण पैसा अमेरिकेनेही दिला आणि युरोपनेही दिला, आणि त्याचं काय झालं ते पुढे येईलच. माझं म्हणणं असं की पैशाच्या आकड्यापेक्षा तो कशावर खर्च झाला हे महत्त्वाचं. चीनने मुख्यतः एक गोष्ट विकत घेतली: वाईट सेल बनवत बनवत चांगला सेल बनवायला शिकण्याची सवड. ते समजायला सेल बनतो कसा हे थोडं जवळून पाहायला हवं.

सेलच्या कारखान्यात सगळ्यात आधी लागते ती स्लरी. कॅथोडची भुकटी, थोडा कार्बन, चिकटून राहायला बाइंडर आणि द्रावक हे सगळं घुसळून इडलीच्या पिठाइतकं दाट, काळंकुट्ट मिश्रण करायचं. ते ॲल्युमिनियमच्या फॉइलवर दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीने पसरायचं. ॲनोडसाठी हेच ग्राफाइट वापरून तांब्याच्या फॉइलवर. तांब्याची ही फॉइल सहा ते आठ मायक्रॉन जाड असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मैलोन्‌मैल लांबीचा हा पट्टा भट्टीतून सुकत जातो, रुळांखाली दाबला जातो, कापला जातो आणि मध्ये सेपरेटरचा पडदा घालून गुंडाळला किंवा थरांवर थर रचला जातो. मग इलेक्ट्रोलाइट भरायचा, तो ड्राय रूममध्ये, कारण हवेतल्या दमटपणाचं आणि त्याचं हाडवैर. त्या खोलीतली हवा वाळवंटाहून कितीतरी कोरडी ठेवावी लागते. आत काम करणाऱ्या माणसाच्या श्वासातली वाफसुद्धा हिशेबात धरतात. शेवटी सेल हळूहळू चार्ज-डिस्चार्ज करून कित्येक दिवस नुसता ठेवून द्यायचा आणि कोण आतल्या आत गळतोय ते पाहायचं.

यातली प्रत्येक पायरी पाठ्यपुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते वेगळंच. भट्टीचं तापमान पावसाळ्यात किती कमी-जास्त करायचं, फॉइल कापणारं पातं किती तासांनी बदललं नाही तर कडेला बारीक करवत उठते, आणि ती करवत पडदा फाडून आग कशी लावते. 2020-21 मध्ये जनरल मोटर्सला बोल्ट नावाच्या सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण होतं सेलमधली फाटलेली एक ॲनोडची पट्टी आणि दुमडलेला सेपरेटर. एवढ्याशा गोष्टीपायी सेल पुरवणाऱ्या एलजीला सुमारे 1.9 अब्ज डॉलरचा भुर्दंड सोसावा लागला. आणि एलजी नवशिकी नव्हती, जगातल्या अव्वल उत्पादकांपैकी होती.

त्यामुळे या धंद्यात कंपन्या ज्या आकड्याबद्दल तोंड उघडत नाहीत तो म्हणजे यील्ड: बनवलेल्या शंभर सेलपैकी विकण्याजोगे किती. नव्या कारखान्यात सुरुवातीला तिसरा हिस्सा माल भंगारात जाणं हे काही विशेष नाही. सेलच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा निम्म्याहून जास्त असतो, म्हणून भंगारात गेलेला प्रत्येक सेल म्हणजे लिथियम, तांबं आणि निकेल विकत घेऊन फेकून देणं. ज्याचा हात बसला आहे त्याचा सेल स्वस्त पडतो तो मजुरी कमी म्हणून नव्हे, भंगार कमी म्हणून. आणि हात बसायला उपाय एकच, भरपूर माल काढणं. भरपूर माल काढायचा तर तो कुणीतरी घ्यायला हवा. नेमकं इथे घोडं अडतं.

सोनीच्या बाबतीत ही गाठ एका योगायोगाने सुटली. कॅसेटची टेप म्हणजेही प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा एकसारखा लेप. 1980च्या दशकाअखेर सीडी आली, टेपची मागणी घसरू लागली आणि लेप देण्याची यंत्रं व ती चालवणारे अनुभवी कामगार सोनीकडे मोकळे होऊ लागले. त्यांना फक्त लेपाचं पीठ बदलायचं होतं. गिऱ्हाईकही घरातच: सोनीचे स्वतःचे कॅमकॉर्डर. महागडा कॅमकॉर्डर घेणारा माणूस बॅटरीसाठी चार पैसे जास्त मोजायला तयार होता. हौशी, चिकित्सक आणि बांधील अशा ग्राहकाच्या जोरावर जपानने पहिली दहा वर्षं हा धंदा एकहाती चालवला. 2017 मध्ये मात्र सोनीने आपला बॅटरी विभाग मुराताला विकून टाकला. जिने जगाला हा सेल दिला ती कंपनी विजेच्या गाड्यांचा हंगाम भरात येण्याआधीच शेतातून उठून गेली.

वांग च्वान्फू यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. बीजिंगच्या एका सरकारी धातुसंशोधन संस्थेतून आलेल्या या रसायनज्ञाने 1995 साली शेंझेनमध्ये चुलतभावाकडून अडीच दशलक्ष युआन उसने घेऊन बीवायडी काढली. जपानी स्वयंचलित लाइन परवडणारी नव्हती. त्याने लाइनच मोडून तुकडे केली: यंत्र एका झटक्यात जे करतं त्याच्या लहान लहान पायऱ्या पाडल्या, प्रत्येक पायरीला स्वस्त साचे बनवले आणि तिथे माणसं बसवली. ड्राय रूमऐवजी हातमोजे बसवलेल्या बंद पेट्या. हे वाचून आपण ‘स्वस्त मजुरी’ म्हणून पुढे सरकतो, पण मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. यंत्र विकत घेणाऱ्याला यंत्राच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही. पायरी पायरी हाताने करणाऱ्याला कळतं. 2000च्या आसपास मोटोरोला आणि नोकिया बीवायडीकडून बॅटऱ्या घेऊ लागल्या, तोवर चीनमध्ये हजारो लोकांना सेल कुठे बिघडतो हे बोटांनी ठाऊक झालं होतं.

निंगदेची गोष्टही याच वळणाची. फुजियान प्रांतातलं हे मासेमारीचं गाव एके काळी प्रांतातल्या गरीब भागांत मोडायचं. इथल्याच एका खेड्यातले झेंग युचुन 1999 मध्ये एटीएल या कंपनीच्या संस्थापकांत होते. अमेरिकेच्या बेल लॅब्जकडून त्यांनी पॉलिमर बॅटरीचा परवाना घेतला आणि घरी आणून पाहिलं तर सेल वापरता वापरता फुगायचे. तंत्रज्ञान ‘आणणं’ म्हणजे काय असतं ते इथे दिसतं. इलेक्ट्रोलाइटच्या घटकांत फेरफार करत करत त्यांनी फुगणं थांबवलं आणि पुढे आयपॉडपर्यंत पोहोचले. 2011 मध्ये त्यांनी गाड्यांच्या बॅटरीसाठी सीएटीएल ही वेगळी कंपनी काढली. बीएमडब्ल्यूच्या चिनी भागीदारीतून पहिलं मोठं काम आलं, सोबत जर्मन भाषेतलं आठशे पानांचं तांत्रिक तपशिलांचं बाड. ते बाड पुरं करता करता कंपनी घडली. 2017 पासून ती जगातली सर्वात मोठी वाहन-बॅटरी उत्पादक आहे. चोखंदळ गिऱ्हाईक हाही गुरूच, आणि फीऐवजी उलट तोच पैसे देतो.

आता सरकार. ऑडीत काम करून जर्मनीतून परतलेले अभियंते वान गांग 2007 मध्ये चीनचे विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री झाले, आणि तेही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नसताना. पेट्रोल इंजिनात जर्मनी-जपानला गाठणं आपल्याला जमणार नाही, म्हणून शर्यतीचं मैदानच बदलावं, ही त्यांची मांडणी. 2009 मध्ये निवडक शहरांत सार्वजनिक वाहनं विजेवर आणण्याची योजना सुरू झाली. त्यातली कळीची निवड म्हणजे बस. खासगी मोटार घेणारा माणूस शंभर किलोमीटर कमी पळणारी, जड बॅटरीची गाडी घेत नाही. बसला मात्र वजनाची तमा नसते, मार्ग ठरलेला असतो, रात्री ती डेपोत उभी असते आणि तिचा मालक महापालिका. वाईट सेल खपवायला याहून सोशिक गिऱ्हाईक सापडणार नाही. एका मोठ्या बसवर केंद्राकडून पाच लाख युआनपर्यंत अनुदान मिळे, स्थानिक सरकारांचं वेगळं. 2017 अखेर एकट्या शेंझेनमध्ये सोळा हजारांवर बस होत्या, सगळ्या विजेवर.

याच बसमुळे एक टाकून दिलेलं रसायन जगलं. लिथियम आयर्न फॉस्फेट, धंद्याच्या भाषेत एलएफपी, हाही गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाचा 1990च्या दशकातला शोध. त्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही, सहसा पेट घेत नाही, पण जड. पाश्चात्त्य वाहन कंपन्यांनी तो बाजूला ठेवला. चीनने बसमध्ये घातला आणि लाखो सेल काढून काढून स्वस्त केला. गंमत म्हणजे चीनच्या सरकारचाच अंदाज इथे चुकला होता. 2017 पासून अनुदान ऊर्जाघनतेशी बांधलं गेलं: पॅकमध्ये किलोमागे किमान 90 वॉट-तास, 2018 मध्ये 105, 2019 मध्ये 125. या निकषाने एलएफपी मागे पडू लागला आणि निकेलवाले सेल पुढे गेले. पण कारखाने हटले नाहीत. 2019 मध्ये सीएटीएलने मधली मॉड्यूलची खोकी काढून सेल थेट पॅकमध्ये बसवले, 2020 मध्ये बीवायडीने लांबट पात्यासारखा ‘ब्लेड’ आणला. त्याच वर्षी शांघायमध्ये तयार होणाऱ्या टेस्लात एलएफपी बसला. आज जगभर विकल्या जाणाऱ्या विजेच्या गाड्यांमधल्या बॅटरीक्षमतेत जवळपास निम्मा वाटा याच रसायनाचा आहे. म्हणजे सरकारला सगळं आधी कळलं होतं हे म्हणणं खरं नाही. सरकारने एवढंच केलं की दरवर्षी उंबरठा उंच करत नेला, आणि अंदाज चुकला तरी ज्यांचा हात बसला होता ते त्यातूनही वाट काढू शकले.

या सगळ्यात लबाडी नव्हती असं नाही. 2015 मध्ये मान्य बॅटरी-उत्पादकांची ‘पांढरी यादी’ निघाली, तीत सगळ्या चिनी कंपन्या. एलजी आणि सॅमसंग बाहेर. चीनमध्ये कोट्यवधी डॉलर ओतून उभे केलेले त्यांचे कारखाने गिऱ्हाइकाविना बसून राहिले. हा अन्यायच होता. कागदावरच्या बस दाखवून अनुदान लाटणाऱ्या कंपन्या 2016 मध्ये अर्थखात्याने नावानिशी जाहीर केल्या. पण संरक्षणाची भिंत बाहेरच्यांसाठी होती, आतल्या आखाड्यात नियम नव्हते. शेंझेनची ऑप्टिमम नॅनो 2017 मध्ये चीनमधली तिसऱ्या क्रमांकाची बॅटरी कंपनी होती. पुढल्याच वर्षी कर्जात बुडाली आणि तिला कुणी वाचवलं नाही. यादी 2019 मध्ये रद्द झाली, केंद्राचं खरेदी-अनुदान 2022 अखेर संपलं. भिंत कायमची नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच भिंतीआड कुणी झोपलं नाही. आपल्याकडे आयातशुल्काच्या छायेत दशकानुदशकं एकच मॉडेल विकणाऱ्या मोटारींचा इतिहास ज्यांनी पाहिलाय त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

कोरियाकडे पाहिलं तर असंही दिसतं की सवड सरकारनेच दिली पाहिजे असं नाही. एलजीच्या घराण्याने 1990च्या दशकापासून बॅटरीतला तोटा वर्षानुवर्षं पोसला, बाकीच्या धंद्यांच्या जिवावर. पण तिमाही नफ्याच्या बाजारात असे धनी विरळा.

सवड नसेल तर काय होतं ते ए123 ने पाहिलं. एमआयटीतून 2001 मध्ये जन्मलेली ही कंपनी एलएफपीच बनवायची, आणि विज्ञान अव्वल होतं. 2009 मध्ये अमेरिकी सरकारने मिशिगनमधल्या कारखान्यासाठी 249 दशलक्ष डॉलर मंजूर केले. मार्च 2012 मध्ये कळलं की लिव्होनियातल्या कारखान्यातलं एक वेल्डिंग यंत्र नीट जुळवलेलं नव्हतं. सेल सदोष निघाले, बदलून द्यायला 55 दशलक्ष डॉलर लागणार होते. कारखाना शिकत असताना होणारी ही नेहमीची चूक. पण ए123चं मोठं गिऱ्हाईक होतं फिस्कर नावाची चैनीची मोटार बनवणारी कंपनी, आणि ती स्वतःच गाळात जात होती. बसचा ताफा नव्हता, नगरपालिका नव्हती. ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरी, आणि पुढल्या जानेवारीत चीनच्या वानश्यांगने कंपनी विकत घेतली. वॉशिंग्टनने कारखान्याला पैसे दिले, गिऱ्हाईक दिलं नाही. स्वीडनच्या नॉर्थव्होल्टकडे तर फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यू होते, कर्ज-भांडवल मिळून सुमारे 15 अब्ज डॉलर होते. पण शेलेफ्टिओच्या कारखान्यातून पुरेसे चांगले सेल बाहेर पडेनात, एकाच वेळी आणखी कारखान्यांच्या घोषणा मात्र चालू राहिल्या. 2024 मध्ये बीएमडब्ल्यूने दोन अब्ज युरोची मागणी रद्द केली. मार्च 2025 मध्ये दिवाळखोरी. 2010 साली नवशिक्या कारखान्याची वाट पाहणं शक्य होतं, कारण बॅटरीचा भाव किलोवॉट-तासाला हजार डॉलरहून जास्त होता. 2024 मध्ये तो 115 डॉलरवर आला होता. शेजारी एवढा स्वस्त आणि चांगला माल मिळत असताना कोणती मोटार कंपनी नवशिक्याची फी भरेल? पुढे गेलेला जितका पुढे जातो तितकी मागच्याची शाळा महाग होते. शिवाय जुलै 2025 पासून एलएफपी कॅथोड बनवण्याचं तंत्र निर्यात करायला चीनने सरकारी परवानगीची अट घातली आहे. एके काळी परवाना विकत घेणारे आता परवाना अडवणारे झाले.

भारताने काय केलं? मागणी आपणही तयार केली, हे विसरलं जातं. विजेच्या वाहनांसाठीच्या 2019च्या फेम-2 योजनेत दहा हजार कोटी रुपये होते. पुण्याच्या पीएमपीएमएल या शहर बससेवेच्या ताफ्यात त्याच वर्षी ऑलेक्ट्राच्या इलेक्ट्रिक बस आल्या. त्यांचं तंत्र आणि बॅटरी बीवायडीची. शेंझेनच्या बसने जे शेंझेनसाठी केलं तेच पुण्याच्या बसनेही केलं, शेंझेनसाठीच. आपल्या नियमांत पॅक इथे जुळवण्याची अट हळूहळू आली, पण सेल आयात करायला मुभा राहिली. पॅक जुळवणं, म्हणजे तयार सेल खोक्यात बसवून तारा आणि नियंत्रक जोडणं, हे काम पुणे-चाकणच्या पट्ट्यात आज अनेक जण उत्तम करतात. शिकण्याजोगं जे असतं ते मात्र त्या खोक्याच्या आत, फॉइलवरच्या लेपात असतं.

मे 2021 मध्ये सेल बनवण्यासाठी 18,100 कोटींची उत्पादनसंलग्न योजना मंजूर झाली, उद्दिष्ट 50 गिगावॉट-तास. मार्च 2022 मध्ये निवडलेल्या बोलीदारांत रिलायन्स आणि ओला होते, सोन्याच्या धंद्यातली राजेश एक्सपोर्ट्सही होती. लेड-ॲसिड बॅटरीचा अनेक दशकांचा हात बसलेल्या एक्साइड आणि अमर राजा यादीत नव्हत्या. त्या दोघींनी पुढे आपापल्या पैशाने, चिनी कंपन्यांशी तांत्रिक करार करून कारखाने काढायला घेतले. योजनेतल्या कारखान्यांचं काम ठरल्या तारखांच्या बरंच मागे पडलं. यंत्रं चिनी, ती बसवणारे तंत्रज्ञ चिनी, आणि 2020 नंतर त्यांचे व्हिसा अडकले होते. त्या वर्षी भारत-चीन सीमेवर जो संघर्ष झाला तो पाहता संशय समजू शकतो. पण यंत्र घ्यायचं आणि ते चालवायला शिकवणाऱ्याला दारात उभं करायचं, यातून धड सुरक्षाही साधत नाही आणि धड उत्पादनही.

पुण्याच्या केपीआयटीने आयसरच्या संशोधकांसोबत डिसेंबर 2023 मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र जाहीर केलं. लिथियम नको, म्हणून आपल्याला सोयीचं रसायन. पण टेक्सासचा एलएफपी फुजियानला कसा गेला हे पाहिल्यावर माझा प्रश्न वेगळा असतो: याचे पहिले दहा लाख सेल, थोडे जड, थोडे महाग, क्वचित बिघडणारे, कोण घेणार आहे?

चीनला बस मिळाली, तसं भारतातही एक सोशिक गिऱ्हाईक आहे: विजेचं ग्रिड. सौर ऊर्जा संध्याकाळसाठी साठवणारे बॅटरीचे कंटेनर एका जागी उभे असतात, त्यांचं वजन कुणी विचारत नाही, आणि त्यांची मागणी बऱ्याच अंशी सरकारी कंपन्यांच्या निविदांतूनच येते. या खरेदीतला ठरावीक हिस्सा भारतात बनलेल्या सेलसाठी राखायचा, दरवर्षी टिकाऊपणाचा निकष वर न्यायचा, आणि सहा-सात वर्षांनी राखीव हिस्सा शून्य करायचा: हे कागदावर अवघड नाही. अवघड आहे ती फाइल. आपल्या निविदा ‘एल-वन’वर, म्हणजे सगळ्यात कमी दरावर सुटतात. जो अधिकारी जाणूनबुजून महाग आणि थोडा कमअस्सल सेल घेण्यावर सही करेल, त्याच्यासमोर दोन वर्षांनी लेखापरीक्षकाचा आक्षेप येणार, आणि तोवर कदाचित त्याची बदली झालेली असेल किंवा निवृत्ती जवळ आलेली असेल. सेलचा कारखाना काढायला निघालेल्या देशाने आधी त्या सहीला संरक्षण देणारा शासननिर्णय काढायला हवा, आणि तो उद्योग खात्याने नव्हे, अर्थ खात्याने.